गच्चीवरच्या गाद्या

“काका, हे खरंच हर्बल आहे ना?”

वैभवीने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा शालिकरामचा हात बाटलीच्या झाकणावरच थांबला. पहिल्या दोन वेळा त्याने नुसती मान हलवली होती. ती हो म्हणून घ्यावी की नाही म्हणून, हे घेणाऱ्यावर होतं. पाठीवरची फवारणीची टाकी त्याने ओट्याजवळ उभी केली होती. शेजारी अर्धी बादली पाणी होतं, आणि त्या बादलीचा काठ धरून वैभवीचा नऊ महिन्यांचा गोलू उभं राहायचा सराव करत होता.

“नाही म्हणजे, हा दिवसभर जमिनीवरच असतो,” वैभवी म्हणाली. “जे दिसेल ते चाटतो. म्हणून विचारते.”

“काल माही चप्पल चाटली त्यानं,” तिची सासू शोभाताई खुर्चीवरून म्हणाल्या. “भाऊ, तुमाले काय सांगू? या घरात साबण नाही, पावडर नाही, अगरबत्ती लावाची चोरी. बेसनानं आंघोळ, राखेनं भांडे. दोन महिन्यांपासून मी कडुलिंबाच्या काडीनं दात घासून राहिली. सारं कसं नॅचरल! पण ढेकणाले कोण सांगन?”

“आई, तुमच्या हिरड्यांचं रक्त थांबलं ना?”

“थांबलं ना. मी कुठं नाही म्हणते? पण हा पलंग? आधीच्या पलंगातल्या गोंदाचा वास लेकराले बाधते म्हणून तो विकला, अन् हा जुना सागवानी आणला. लाकूड नॅचरल, अन् त्यातले ढेकूणबी नॅचरल!”

वैभवीला हसू आलं, पण ते टिकलं नाही. गोलूच्या मानेवर लाल गांध्यांची एक ओळ उठली होती. रात्रभर तो रडत होता, आणि रात्रभर तीही झोपली नव्हती. शेवटी तिने कंपनीचं पत्रक पाहून फोन केला होता. पत्रकावर हिरवं पान होतं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘शंभर टक्के हर्बल. घर सोडण्याची गरज नाही.’

शालिकराम सत्तावीस वर्षं फवारणीच्या कामात होता. रामटेकजवळच्या गावातून नागपूरला आला तेव्हा मधुकररावांनी त्याला हाताशी धरलं. झुरळं, वाळवी, ढेकूण, कुणाला कुठलं औषध, किती पाण्यात किती थेंब, सगळं त्यांनी शिकवलं. आणि त्याच्याही आधी एक गोष्ट शिकवली. घरात शिरताच विचारायचं: लहान मूल आहे का, म्हातारं माणूस आहे का, पिंजऱ्यातलं पाखरू आहे का? असतील तर आधी त्यांची सोय, मग फवारा. “औषध वाईट नसते, शालिक,” मधुकरराव म्हणायचे. “त्याले औषध न समजणं वाईट.”

आता कंपनी त्यांचा मुलगा सौरव बघत होता. लोकांना हल्ली नैसर्गिक काहीतरी हवं असतं, हे त्याने बरोबर हेरलं. मग त्याने काय केलं, तर जुनंच औषध नव्या बाटलीत भरलं, त्यात गवती चहाचं तेल टाकलं आणि वर पान चिकटवलं. शालिकरामचं नाक या धंद्यात कधीच निकामी झालं होतं, त्याला तो वास फसवू शकला नाही. पाण्यात ओतताच ते औषध पांढरंशुभ्र झालं, आणि घरच्या गाईचं दूध ओळखावं तसं त्याने ते ओळखलं.

ओळखूनही तो पंधरा दिवस गप्प राहिला. मागच्या आठवड्यात नागपूरच्या सदर भागातल्या एका घरी गेला, तर घरचे सगळे शेजारच्या खोलीत टीव्ही बघत जेवत बसलेले. हर्बल आहे ना, मग कशाला उठायचं? खिडकीबाहेरच्या दांडीला पोपटाचा पिंजरा टांगलेला होता. काम आटोपून तो निघाला तेव्हा पोपट पिंजऱ्याच्या तळाशी पडला होता. घरातल्या लहान मुलीने विचारलं, “काका, याला काय झालं?” शालिकराम म्हणाला, “ऊन लागलं असन, बेटा.” औषधाने गेला की उन्हाने, हे देव जाणे. पण उन्हाचं नाव घेताना आपली जीभ किती सहज वळली, हे त्याला आठवडाभर टोचत होतं.

त्याने झाकण पुन्हा घट्ट बसवलं.

“ताई, पोराले पहिले उचला.”

वैभवीने गोलूला उचललं.

“हे हर्बल नाही. जुनंच औषध आहे. फक्त वास टाकला.”

वैभवी गोलूला घेऊन दोन पावलं मागे सरली.

“मग आधी का नाही सांगितलं?” वैभवीचा आवाज चढला. “मी तीनदा विचारलं तुम्हाला!”

“पंधरा दिवसांपासून सांगीन सांगीन म्हणून राहिलो, ताई. तोंडच उघडत नव्हतं.”

“मी आत्ता तुमच्या कंपनीला फोन करते.”

“करा ना. कराच लागते. पण त्यानं ढेकूण मरणार नाही.”

शोभाताई खुदकन हसल्या. वैभवीने रागाने त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग तिचाही राग जरा पातळ झाला. “मग मरणार कशानं?”

शालिकराम खिडकीपाशी गेला. सकाळचे दहा वाजले होते आणि समोरच्या इमारतीची भिंत उन्हाने आत्ताच डोळ्यांना बघवत नव्हती. मे महिन्याचा तिसरा आठवडा. काल पारा सेहेचाळीसवर गेला होता.

“गच्चीची चाबी कोणापाशी असते?” त्याने विचारलं.

गावाकडे त्याची माय उन्हाळ्यात गोधड्या तापल्या खडकावर टाकायची, तेव्हा तिला कुणी औषध विकायला येत नव्हतं. शालिकरामने त्यात एक भर घातली. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याने काळं प्लास्टिक आणवलं. वैभवीचा नवरा अमोल आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून ऑफिसचं काम करत होता. त्याला बाहेर काढलं. प्लास्टिक बघून वैभवीचा चेहरा पडला, कारण घरातलं प्लास्टिक तिने गेल्याच महिन्यात हद्दपार केलं होतं. “लेकरू खाली ठेवा अन् प्लास्टिक वरतं गच्चीवर राहू द्या,” शोभाताईंनी निवाडा केला.

गाद्या, उशा, सोफ्याच्या बैठका, सगळं जिन्याने वर गेलं. दोन गाद्यांनंतर अमोल पायरीवर बसला. “काका, तुम्ही दमत नाही का?”

“दमतो ना. पण मले सवय आहे दमून जाची.”

गच्चीवर दुसऱ्या मजल्यावरचे महादेवराव डोक्याला पंचा बांधून बायकोच्या कुरडयांची राखण करत बसले होते. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून उन्हाळ्यातली ही त्यांची नोकरीच होती.

“काय गा अमोल, घर सोडून चालला का?”

“नाही काका, गाद्यांना जरा ऊन...”

“ढेकूण झाले का?”

“नाही, नाही!”

“झाले!” जिन्यातून शोभाताईंचा आवाज आला. “शंभर झाले!”

महादेवरावांनी इकडे तिकडे बघितलं आणि ते शालिकरामजवळ सरकले. “भाऊ, या प्लास्टिकमध्ये अजून एक गादी माईन का? आमच्याबी घरी आहेत. पण बायकोले नोका सांगू, मी बोललो म्हणून.”

अर्ध्या तासात त्यांची गादी आली. तिच्यामागे त्यांची बायको आली, ती कुरडयांसाठी. “माह्या कुरडयांत एक जरी ढेकूण पडला ना, तर पाहा!” शालिकरामने कुरडयांखाली अंथरलेल्या लुगड्याची दोन टोकं धरली, दोन तिला धरायला लावली, आणि कुरडया अलगद पाण्याच्या टाकीपलीकडे नेऊन ठेवल्या. एकही मोडली नाही. बाई तेवढ्यावर खूश झाली आणि खाली जाऊन तिने तिसऱ्या मजल्यावर सांगितलं.

त्या इमारतीत चार वर्षं म्हणे कुणाच्याच घरी ढेकूण नव्हते. दुपारी बारापर्यंत गच्चीवर अकरा गाद्या आल्या. आणणारा प्रत्येकजण म्हणत होता, आमच्याकडे तसं काही नाही, पण ऊन आहे तर लावून घेऊ.

खाली पलंगाचे सांधे खोलले गेले. गोलूला शेजारी पाठवलं होतं. वैभवी उकळतं पाणी आणत होती आणि शालिकराम एकेका खाचेत ते धारेने सोडत होता. शोभाताई चष्मा लावून मोजत होत्या. “सदतीस! अवं वैभवी, हा पाय इतका भरला होता, अन् आपण त्याले पॉलिश करून राहिलो होतो!”

मग सगळे कैरीचं पन्हं प्यायले. चार वाजता शालिकरामने पहिल्या गादीवरचं प्लास्टिक वर केलं. हात आत घालताच मागे घेतला, इतकी आत भट्टी झाली होती. शिवणीत मेलेले ढेकूण तिळासारखे पडले होते. वैभवीने वाकून पाहिलं, झटकून पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

“अंडी राहतात, ताई. दहा दिवसांनी अजून एकदा कराचं. अन् एक सांगतो. पावसाळ्यात पुन्हा झाले, तर मग औषधच लागन. तेव्हा लेकराले घेऊन दोन दिवस माहेरी जा. औषध आहे, हे समजून मारलं तर मारता येते.”

सौरवचे तीन फोन येऊन गेले होते. कंपनीचं ऑफिस सदरमध्ये, एका दुकानाच्या मागच्या जिन्याने वर. शालिकराम पोचला तेव्हा सौरव उभाच होता. कोपऱ्यात मधुकरराव पेपर धरून बसले होते. रोज संध्याकाळी ते येऊन बसायचे; त्यांना आता कुणी काही विचारत नसे.

“त्या बाईचा फोन आला होता. काका, तुमाले पगार कोण देते? मी का ऊन?”

“तुमीच देता, सौरवबाबू.”

“मग?”

“बाटलीवरचं ते पान काढून टाका. लोक पान पाहून लेकराले घेऊन तिथंच बसतात. मंग मी मारीन औषध. पहिल्यासारखं मारीन.”

“सारेच लावून राहिले पान! आपण एकट्यानं काढलं तर कोण बोलावन आपल्याले?”

“ते मले नाही समजत,” शालिकराम म्हणाला. “पण माह्याच्यानं आता नाही होणार.”

“मग टाकी ठेवा इथं.”

शालिकराम पट्टा काढू लागला, तेवढ्यात मधुकरराव उठले. त्यांनी टाकी खालून धरली. वीस वर्षांत त्यांनी ती उचलली नव्हती. “मी धरतो,” ते म्हणाले. दोघांनी मिळून ती जमिनीवर ठेवली. मग ते जिन्यापर्यंत आले.

“शालिक, मागच्या आठवड्यातल्या एका घरून फोन आला होता. त्यायच्या घरी पोपट होता म्हणते?”

“होता, मालक.”

“मले सांगाचं असतं गा.”

“सांगून काय झालं असतं?”

म्हाताऱ्याने त्याच्या सदऱ्यावर पट्ट्याने पडलेली सुरकुती हाताने सरळ केली. शालिकराम वाकला, त्यांच्या पायाला हात लावला आणि खाली उतरला.

घरी बायकोला कसं सांगावं याची त्याने रस्ताभर जुळवाजुळव केली होती. गोपिका दारात तांदूळ निवडत होती. त्याचं सगळं बोलणं तिने मान खाली घालूनच ऐकलं.

“झालं का सांगून?”

“झालं.”

“बरं झालं मग. सत्तावीस वर्षं तुमचे कपडे अलग धुतले मी. लेकरांच्या कपड्यांत कधी मिसळू नाही दिले. लेकरं लग्न करून गेली, तरीबी अलगच.” तिने सुपातला खडा काढून अंगणात फेकला. “उद्यापासून एकाच बादलीत टाकीन.”

अकराव्या दिवशी वैभवीचा फोन आला. गाद्यांना दुसरं ऊन देऊन झालं होतं आणि गोलू रात्रभर झोपला होता. इतका, की घाबरून तिनेच त्याला दोनदा उठवून पाहिलं. मागून शोभाताईंचा आवाज येत होता, “दंतमंजनाचं बी विचार त्यायले!” आणि हो, तिच्या मैत्रिणीच्या सोसायटीतही तोच त्रास होता. तिथली माणसं जरा बड्या घरची होती, त्यांना आधी पटत नव्हतं. पण महादेवरावांनी फोनवर अर्धा तास व्याख्यान दिलं, मग पटलं. काका जातील का?

शालिकराम गेला. सायकलच्या मागे प्लास्टिकची गुंडाळी, पिशवीत पलंगाचे नट खोलायचे पाने आणि ब्रश. सोसायटी नवी होती. गेटवर चौकीदाराने वही पुढे केली. नाव, वेळ, कंपनी, काम, असे रकाने आखलेले होते. अशा कितीतरी वह्यांमध्ये त्याने आजवर कंपनीचं नाव लिहिलं होतं आणि आपल्या नावाच्या जागी नुसतं ‘शालिक’. तेवढं चालून जायचं.

“भरा लवकर,” चौकीदार म्हणाला. “कंपनी कोणती?”

“कंपनी नाही.”

“मग तिथं काय लिहिता?”

शालिकरामने पेन हातात घेतलं. नावाच्या रकान्यात त्याने शालिकराम लिहिलं, मग बापाचं नाव धोंडबा, मग भोयर. अक्षरं मोठी आली, तिसरा शब्द शेजारच्या रकान्यात गेला. कंपनीच्या जागी त्याने एक बारीक आडवी रेघ ओढली. कामाच्या खाली लिहिलं, ‘गाद्या उन्हात टाकणे’.

चौकीदाराने वही आपल्याकडे फिरवून वाचली, मग वर बघितलं. शालिकराम तोवर सायकल कडेला लावून, काळी गुंडाळी खांद्यावर घेऊन जिना चढायला लागला होता.