नेरे नाक्यावरचा बॅनर

नेरे नाक्यावर बळीराम भगतांच्या स्वतःच्या जागेत एक लोखंडी चौकट उभी आहे आणि ती रिकामी राहिलेली फारशी कोणी पाहिलेली नाही. कोणी दहावीला साठ टक्के काढले की बॅनर, कोणाचा वाढदिवस असला की बॅनर. शर्यतीत छकडा पहिला आला तेव्हा बैलाचा फोटो मधोमध आणि मालकाचा कोपऱ्यात, असाही एक लागला होता आणि मालक त्यावर बेहद्द खूश होता. बळीराम पूर्वी सरपंच होते. सरपंचपद गेलं, चौकट राहिली. गावात कोणाचं कौतुक करायचं ते बळीरामच ठरवणार, यावर कधी चर्चासुद्धा झाली नाही.

चौकटीचा एक नियम होता. लागलेला बॅनर दुसरा तयार होईपर्यंत उतरवायचा नाही. मधेच उतरवला तर दिलेला शब्द मागे घेतल्यासारखं होतं, असं बळीरामांचं म्हणणं. आणि शब्द मागे घेणारा माणूस त्यांच्या दृष्टीने माणसात जमा नव्हता.

त्यांची नात रुचिरा बारावीला होती. पोरगी हुशार, पण हुशारीपेक्षा चिकाटी जास्त. अमेरिकेतल्या एका मोठ्या खासगी विद्यापीठात तिनं अर्ज केला होता. तिथे संशोधन चालतं, सगळ्या जगातून मुलं अर्ज करतात आणि शंभरातल्या तीन-चार जणांना घेतात, असं तिनं आजोबांना समजावलं होतं. "मंग तीन-चारात तू हायसच," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला होता.

अर्जात तिनं लिहिलं होतं ते विहिरींबद्दल. डोंगराखालच्या गावांत फार्महाऊस वाढले, बोअरिंग वाढलं, तसं विहिरींचं पाणी किती खाली जातंय हे ती दोन वर्षं दर रविवारी मोजत होती. गाठी मारलेली दोरी, तिच्या टोकाला वजन, आणि दोरी धरायला आजोबा. लोक आपल्या विहिरीत कोणाला डोकावू देत नाहीत, पण बळीराम काठावर उभे असले की कोणी हटकत नसे. आजोबांना त्या आकड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं. नातीबरोबर रविवार जातो, एवढं मात्र त्यांना फार आवडत होतं.

डिसेंबरात मुलाखतीचा ईमेल आला. त्याच विद्यापीठात शिकून आलेल्या अरुंधती नावाच्या बाई पनवेलजवळच्या खांदा कॉलनीत राहत होत्या, त्या तिच्याशी बोलणार होत्या. रुचिरा स्वयंपाकघरात आनंदानं ओरडली आणि ते ओटीवर बळीरामांनी ऐकलं. इंटरव्ह्यू! आता या शब्दाचा त्यांना चांगला अनुभव होता. कंपनीसाठी जमीन गेली तेव्हा त्यांच्या मुलाला, प्रणितला, कंपनीत नोकरी लागली होती. आधी सगळं ठरलं, शब्द झाला, प्रणितच्या मापाचे बूटसुद्धा आले आणि मग इंटरव्ह्यूला बोलावलं. तीन साहेबांनी त्याला नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं आणि चहा घेतलास का विचारलं. म्हणजे इंटरव्ह्यू हा काम झाल्यानंतरचा मानपान असतो, हे बळीरामांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. तडक पनवेल गाठलं आणि हरेशच्या दुकानात जाऊन मोठ्यातला मोठा बॅनर छापायला सांगितला.

मुलाखतीला जाताना रुचिरानं तो पाहिला. आजोबांनी मुद्दाम नाक्यावर गाडी हळू केली. चुलत बहिणीच्या हळदीतला, पिवळ्या साडीतला तिचा फोटो, डोक्यामागे अमेरिकेचा झेंडा, आणि ठळक अक्षरांत "अमेरिकेतील जगप्रसिद्ध विद्यापीठात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" खाली गॉगल लावलेल्या शुभेच्छुकांची रांग, अर्ध्या गावाची.

"आजोबा, हे काय केलंत?" रुचिरा म्हणाली. "निवड झालेली नाहीये! आज फक्त बोलणार आहेत माझ्याशी. मार्चमध्ये कळेल."

बळीरामांना आपली चूक कळली. पण चेहऱ्यावर काही येऊ न देण्याची त्यांना सवय होती. "मार्चमदे तर मार्चमदे. तवर खरं हुईल ते."

"उतरवा ना, प्लीज."

"लागलेला बॅनर उतरवीत नाय, बाय. लोक काय म्हनतील?"

खांदा कॉलनीतल्या एका कॉफीच्या दुकानात मुलाखत होती. आजोबांनी गाडीत बसावं असं ठरलं होतं, पण ते आत येऊन दोन टेबलं सोडून भिंतीकडे तोंड करून बसले. एवढी पांढरी टोपी भिंतीकडे तोंड केल्यानं लपत नाही, पण अरुंधतीबाईंनी तसं दाखवलं नाही. त्यांनी विहिरींबद्दल विचारलं. रुचिरा आधी अडखळली, मग अशी बोलत सुटली की कॉफी निवून गेली. बळीरामांना वाटलं, झालं काम.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "माझं फार्महाऊस नेऱ्याच्या पुढेच आहे. काल नाक्यावर तुझा बॅनर पाहिला. त्यावर तर तुझी निवड झालीय."

बळीरामांनी खुर्ची भिंतीच्या आणखी जवळ ओढली.

"ते खरं नाहीये, मॅडम," रुचिरा म्हणाली. "आजोबांचा गैरसमज झाला. आत्ता येताना मी उतरवा म्हटलं, पण ते उतरवत नाहीत."

"मग तू का नाही उतरवत? शिडी लावायची आणि कापायचा."

रुचिरानं भिंतीकडच्या टोपीकडे पाहिलं. "गाव त्यांच्या शब्दावर चालतं. मला सगळ्या विहिरींवर जाता आलं ते त्या शब्दामुळे. मी तो चारचौघांत खाली कसा ओढू?"

बाईंनी मान हलवली. पटलं म्हणून की नाही म्हणून, ते भिंतीकडे बघणाऱ्या माणसाला कळणार नव्हतं. निघताना बळीराम न राहवून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "म्याडम, वरती कोनाशी बोलावं लागंल तर सांगा. आपली वळख हाय."

"तिथे कोणाचीच ओळख चालत नाही, काका. माझीसुद्धा नाही," बाई हसून म्हणाल्या.

त्या संध्याकाळी बॅनर उतरवता आला असता. बळीराम नाक्यावर दोन वेळा गेलेही. पण चौकात माणसं होती, शुभेच्छुकांतले चारजण पानटपरीवरच होते, आणि सरपंच हात वर करून काही खाली काढतोय हे त्यांना बघवलं नसतं. खरं सांगायचं तर बळीरामांना स्वतःलाच ते सोसलं नसतं. ते तसेच घरी आले. बॅनर राहिला. मार्चमध्ये तो खरा होईल या आशेवर मधले वाढदिवसही त्यांनी चौकटीवर लागू दिले नाहीत. थंडी गेली, उन्हानं झेंड्याचे रंग उडाले, पिवळी साडी पांढरी पडली. पाहुणे पेढे घेऊन येत राहिले आणि पोरगी "अजून नाही झालं" म्हणत प्रत्येकाला पाणी देत राहिली.

मार्च संपता संपता एका सकाळी उत्तर आलं. नाही. कारण वगैरे काही नाही, शुभेच्छा मात्र होत्या. रुचिरानं फोन आजीच्या, भामाच्या हातात दिला आणि ती आत जाऊन झोपली. भामाला इंग्रजी येत नव्हतं, पण पोरीचं तोंड वाचता येत होतं. तिनं ओटीवर येऊन नवऱ्याला एवढंच सांगितलं, "आता तरी काडा तो."

बळीरामांनी त्याच दिवशी भर दुपारी स्वतः शिडी लावून बॅनर उतरवला. पण तो काही नुसता चौकटीवर नव्हता, तो गावभरच्या फोनांवर गेला होता, पार उरणपर्यंत. रिक्षावाला विचारी, विसा झाला का? भाजीवाली विचारी, कधी उडनार? नाही झालं म्हटलं की पुढचा प्रश्न, का गं, बॅनर तर लागला होता? रुचिरानं घराबाहेर पडणंच सोडलं. पुण्याच्या कॉलेजांचे फॉर्म तिच्या बाबांनी आणून ठेवले, तिनं पाहिले नाहीत. रविवारी बळीराम दोरी खांद्यावर टाकून तिच्या दाराशी उभे राहिले. "आज नको, आजोबा," आतून आवाज आला. पुढच्या रविवारीही तेच. दोरी खुंटीला गेली. सगळा जन्म गावात मिरवलेल्या त्या माणसाला आपल्याच घरात कुठे बसावं ते कळेना.

शेवटी ते अरुंधतीबाईंच्या फार्महाऊसवर गेले आणि फाटकातच त्यांनी विचारलं, "माज्या बॅनरनं गेलं काय तिचं?"

"माहीत नाही, काका," बाई म्हणाल्या. "मी तिच्याबद्दल फार चांगलं लिहिलं होतं. तिथे चांगल्यांचीच गर्दी असते. का नाही घेतलं ते कोणालाच सांगत नाहीत."

हो म्हणाल्या असत्या तर बळीरामांनी मान खाली घातली असती, नाही म्हणाल्या असत्या तर सुटले असते. "माहीत नाही" याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. घरी परतताना नाक्यावर रिकामी चौकट दिसली. ते थांबले, बराच वेळ बघत राहिले आणि गाडी पनवेलकडे वळवली.

"काका, असा बॅनर कोणी छापत नाही," मजकूर ऐकून हरेश म्हणाला.

"तू छाप."

"आणि शुभेच्छुक?"

"मी एकलाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी बळीराम शिडीवर चढून बॅनर बांधत होते आणि खाली गर्दी जमली होती. पांढऱ्यावर काळी अक्षरं. "कु. रुचिरा प्रणित भगत हिची अमेरिकेतील विद्यापीठात निवड झालेली नाही. आधीचा बॅनर माझ्या घाईने लागला. पोरीची त्यात काही चूक नाही. तिला कोणी काही विचारू नये. विचारायचे असल्यास मला विचारावे." खाली बळीरामांचा फोटो आणि मोबाईल नंबर.

भामानं पाठवलं म्हणून रुचिरा आली होती. कितीतरी दिवसांनी ती नाक्यावर दिसत होती. गर्दीनं तिला वाट दिली. तिनं बॅनर वरपासून खालपर्यंत वाचला.

"आजोबा, खाली या."

बळीराम उतरले. बोलणी खायची त्यांची तयारी होती.

"माझा फोटो कुठाय?" रुचिरानं विचारलं.

"बाय, यो नाय झाल्याचा हाय. यात पोरीचा फोटो कोन लावतो?"

"अर्ज मी केला होता. नाही मला म्हणालेत. मग फोटो माझाच पाहिजे." तिनं बॅनरवरच्या आजोबांच्या फोटोकडे बोट दाखवलं. "आणि तो हळदीतला नको. विहिरीवरचा लावा, दोरी धरलेला."

"त्यात मी पन हाय गो, मागं."

"माहितीये मला."

बळीरामांनी टोपी काढून तोंड पुसलं, मग हरेशला फोन लावला आणि नेहमीच्या सरपंची आवाजात सांगितलं की एक फोटो पाठवतोय, तो आजच्या आज छापून आण, बॅनरवर चिकटवायचाय, आणि चांगला मोठा कर. तोपर्यंत रुचिरा गाडीत जाऊन बसली होती.

"चला, घरून दोरी घेऊ," ती म्हणाली. "आज रविवार आहे."