साडेआठ

अंबडच्या त्या कारखान्यात सकाळी दहाचा चहा आला, की यादवच्या नकला सुरू व्हायच्या. यादव प्रेस खात्यातला, पत्रा दाबून कापायच्या मशीनवरचा जुना ऑपरेटर. मॅनेजरची चाल, वॉचमनची शिंक, सगळं हुबेहूब करायचा. आणि शेवटी हमखास मंगळू.

मंगळू पेठकडचा, डोंगरातला गडी. दोन वर्षांपूर्वी चार नंबरच्या प्रेसमध्ये त्याचं एक बोट मुळासकट गेलं, दुसरं अर्धं. टाके निघायच्या आत यादवनं त्याचं बारसं उरकलं: साडेआठ! तेव्हापासून हजेरीलासुद्धा "साडेआठ आला का रे?" मंगळूही हसायचा. न हसून करतो काय?

आणि सगळ्यात मोठ्यानं हसायची ती सितारा. तपासणीच्या टेबलावरची. यादव शेवटचं वाक्य टाकून तिच्याकडे बघायचा. ती हसली की मग अख्खं खातं हसायचं. ती का हसायची, हे तिचं तिलाच ठाऊक. कामाला लागली त्याच आठवड्यात यादवनं तिला "ए बिर्यानी" म्हणून हाक मारली होती. सगळे खिदळले, तीही ओठ ताणून हसली, आणि घरी जाऊन नवऱ्याशी, रियाजशी, उगाचच भांडली. पुढे मंगळूचा अपघात झाला आणि चेष्टेची गाडी तिकडे वळली. हे लोक साडेआठवर हसताहेत तोवर आपण सुटलो! एवढंच तिचं गणित.

या आठवड्यात मात्र तिला चैन नव्हतं. हात आत गेला तर प्रेस आपोआप थांबावी म्हणून सेन्सर असतो. प्रेस सारखी थांबते, माल कमी निघतो, म्हणून चार नंबरचा सेन्सर वायर जोडून बंद ठेवला होता. सगळ्यांना माहीत. आणि सोमवारपासून मंगळूला पुन्हा त्याच चारवर बसवायचं ठरलं होतं. तक्रार? छे! त्यावर विनोद मात्र चिकार झाले.

शनिवारी सुरक्षा सप्ताहाचा समारोप होता. मांडव, हार, सरकारी खात्यातले प्रमुख पाहुणे, कामगारांची कुटुंबं. मंगळूची बायको सावित्रीबाई पहाटेच्या एसटीनं पेठहून आली होती. नवं लुगडं नेसून ती सिताराच्या शेजारी बसली, अंग चोरून.

यादवनं माइक घेतला आणि मंगळूला स्टेजवर ओढलं. "हात वर कर गड्या! मंडळी, बोटं किती?"

"साडेआठ!" मांडव ओरडला.

"सोमवारपासून गडी परत चार नंबरवर. लावा पैज, साडेआठची सात कधी होतात!"

मांडव हसला. मॅनेजरही रुमालाआड हसला. मंगळू दोन्ही हात वर धरून हसत होता. यादवनं सवयीनं सिताराकडे पाहिलं.

तेवढ्यात सावित्रीबाईनं तिच्या कोपराला हात लावला. "बाई, त्या भोंग्यातला काय कळंना, काय बोलला तो? आमच्या मालकाचं काय चांगलं बोलला का? मला पण सांगा ना, मी पण हसन."

सितारानं ओठांवर आलेलं हसू आवरलं. काय सांगणार? तुझ्या नवऱ्याची उरलेली बोटं तुटतील म्हणून हसतोय आम्ही, असं? या अल्ला! तिला स्वतःची लाज वाटली.

"हसण्यासारखं काही नाही त्यात, ताई," ती म्हणाली आणि उभी राहिली. "यादवभाऊ, चार नंबरचा सेन्सर बंद आहे, हेही सांगा की पाहुण्यांना!"

मॅनेजरचा रुमाल खाली आला.

"अगं, मस्करी होती," यादव पुटपुटला.

"मस्करी होती तर मग सोमवारी त्याला तिथं कशाला बसवताय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बिर्यानी तापली आज!" दोघं-तिघं हसले. सितारा हसली नाही. बसलीही नाही.

मंगळूनं हात खाली घेतले आणि यादवकडून माइक घेतला. माइक तोंडाजवळ धरणं त्याला जमत नव्हतं, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "मी नाय बसत चारवर. तार काढा, मंग बसन. आणि माझा नाव मंगळू हाय."

पाहुण्यांनी खुर्ची सरकवली. "ते मशीन दाखवा बरं मला," असं म्हणून ते खाली उतरले. मॅनेजर घाम पुसत मागोमाग. वायर त्याच दुपारी निघाली.

संध्याकाळी गेटवर सावित्रीबाई मंगळूला घेऊन सिताराजवळ आली. आता तिला सगळं कळलं होतं.

"लय बरा केला बाई, बोललीस ती. पण याच्या आधी पण हसायचे का सगळे?"

"हो."

"दोन वरसं?"

"हो."

"तू पण?"

खोटं बोलता आलं असतं. रियाज समोर गाडी चालू करून थांबला होता, निघून जाता आलं असतं.

"मी पण," सितारा म्हणाली. "सगळ्यात मोठ्यानं."

सावित्रीबाईनं नवऱ्याचा तो तुटक्या बोटांचा हात आपल्या हातात घेतला आणि स्टँडच्या वाटेला लागली. सितारा बघत राहिली. माफी मागायची राहून गेली होती. सोमवारी दहाच्या चहाला, सगळ्यांसमोर, ती मागायचीच, असं तिनं ठरवलं.