बाळंतविड्यातला बिबा

डिंपलने मोबाइलवर आलेला फोटो उघडला. फोटोत एका तान्ह्या लेकराचा कान होता, कानामागे पाण्याने टम्म भरलेले फोड, आणि शेजारी बाईच्या मनगटावरही तसेच फोड. खाली मेहकरच्या संजीवनीने लिहिलं होतं, "घ्या बाळंतविडा! लाडू खाल्ले, त्याच हातानं बाळाला घेतलं, अन् हे झालं. लाडवात गोडंबी आहे. माझ्या लेकराला बिबा उतला."

बिबा काय चीज आहे ते बुलढाण्यात कोणाला शिकवायला नको. काळं, टणक, बोटाच्या पेराएवढं फळ. आतली बी म्हणजे गोडंबी. ती लाडवात घालतात, बाळंतिणीला ताकद येते. पण टरफलातलं तेल मोठं जहाल. अंगाला लागलं की कातडी भाजल्यासारखी फोडांनी भरते आणि महिनाभर डाग जात नाहीत. मोठ्या माणसाचे हाल होतात, तिथे तान्ह्या जिवाचं काय!

आणि खोटं कशाला सांगा, डिंपलला पहिल्यांदा वाटलं ते हायसंच. लाडू तिचे नव्हतेच मुळी. लाडू पिंपळगाव राजाच्या सुवर्णाचे. डिंपल झबली-टोपडी शिवायची. दोघींची गाठ बचत गटाच्या प्रदर्शनात पडली, आणि सुवर्णाच म्हणाली होती, "जिले लाडू लागते तिलेच झबलं लागते. गिऱ्हाईक एकच हाय, मंग दोघींनं येगयेगळं काऊन बोंबलाचं? एकाच डब्यात घालू, एकाच पोस्टवर दोघींचं नाव टाकू." तसा हा बाळंतविडा निघाला. दोघींची पानं फॉलो करा, एखाद्या बाळंतीण मैत्रिणीचं नाव खाली लिहा, ज्यांची नावं सोडतीत निघतील त्यांना डबा फुकट घरपोच. सुवर्णाला बघणारे हजारो, डिंपलला मोजके. तरी प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी सुवर्णा न चुकता सांगायची, कपडे घ्याल तर आमच्या डिंपलचेच घ्या. तेवढ्यावर डिंपलचं मशीन दिवसभर थांबेनासं झालं होतं.

तिने संजीवनीचा दुसरा फोटो बोटांनी मोठा केला. उघडा डबा, लाडवाचा फोडलेला पुडा, आणि पांढऱ्या मलमलच्या टोपड्यावर एक तपकिरी डाग. टोपड्याच्या घडीतून काळा दोरा बाहेर डोकावत होता. डिंपलने असला दोरा कधी वापरलाच नव्हता.

मागच्या अंगणात सासूबाई, सत्यभामाबाई, गहू पाखडत बसल्या होत्या. डबे डिंपलच्या घरीच भरले होते, तेव्हा त्याच हाताशी होत्या.

"आई, डबे भरतानी तुमी काई टाकलं त्याच्यात?"

"टाकला ना, एकेक बिबा." सत्यभामाबाईंनी सूप खालीही ठेवलं नाही. "काया दोऱ्यात ओवून टोपड्यात ठेवला."

"काऊन पण?"

"काऊन म्हंजे? अवं, त्या मोबाइलात हजार लोकं लेकरायचे फोटो पाहून राह्यले. नजर लागन का नाई? आपला डबा घेतलेलं लेकरू दुखण्यानं पडलं असतं तं तुह्याच नावानं खडे फोडले असते लोकायनं."

"अन् भोक? भोक कायनं पाडलं?"

"दाभणानं. त्याबिगर दोरा कसा जाईन?"

अख्ख्या गावाने हेच केलेलं. बिबा ओवायचा आणि पाळण्याच्या वर टांगायचा. पण तो टांगायचा, अंगाशी लावायचा नाही. इथे तो गेला टोपड्याच्या घडीत, यंदाचा ताजा रसरशीत बिबा, त्यात भोक पाडलेला, वरून मे महिन्याचं ऊन आणि दोन दिवस पार्सलचा प्रवास. तेल पाझरून मलमलमध्ये मुरलं असणार. डिंपलने फोटो सासूबाईंच्या डोळ्यांपुढे धरला. म्हातारीने बराच वेळ पाहिलं. "अवं माय वं," एवढंच म्हणाली आणि सूप हातातून सुटलं.

नवरा, अविनाश, जेवायला घरी आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि आधी दार लोटून घेतलं.

"लाडवाचं नाव निघालं ना? मंग तू काऊन आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतं? उद्या कोणी पोलिसात गेलं तं आईले नेतीन. या वयात. सांजलोक गप राह्य, पाहू मंग."

"बाकीचे डबे हायेत ना पण लोकाच्या घरी."

"लाडू वाईट म्हणून गवगवा झालाच हाय. लोकं आपोआप फेकतीन सारं."

डिंपलला ते पटलं नाही, पण ते पटावं असं तिला फार फार वाटत होतं. तिने कोणालाच काही कळवलं नाही. दाराबाहेर कोणाची गाडी थांबली की ती खिडकीशी जाऊन पाहायची. मोबाइलवर सुवर्णाला शिव्यांची लाखोली चालली होती. हात तरी धुते का ही, असं कोणी विचारत होतं. कोणी तिच्या आडनावावर घसरलं होतं आणि 'असल्यांच्या हातचं खाल्लं की असंच होते' असं लिहून मोकळं झालं होतं. डिंपल ते वाचायची, मोबाइल पालथा ठेवायची आणि परत उचलायची.

चारच्या सुमाराला सुवर्णाकडून सूचना आली. नवा व्हिडिओ, दोघींच्या नावाने. तुमच्या पानावरही दाखवायचा का? पहिल्याच वाक्यात सुवर्णा म्हणत होती, "चूक माही हाय." तेवढं ऐकूनच डिंपलने 'स्वीकारा' दाबलं. होय, दाबलं. जीव वाचल्यासारखं वाटलं तिला. मग तिने व्हिडिओ पुढे ऐकला.

सुवर्णाचे डोळे सुजलेले होते, पण आवाज खणखणीत. "गोडंबी साफ करतानी माह्याकून कुठं तरी राह्यलं असन. लाडू कोणीच खाऊ नका, फेकून द्या. डब्याचे पैसे घेतले नव्हते, पण दवाखान्याचा खर्च मी करीन. फक्त आमच्या डिंपलले बोल लावू नका. तिचा काईच दोष नाई. तिचं झबलं-टोपडं बिनघोर घाला लेकराले."

डिंपल ताडकन उठून उभी राहिली. ज्याला हात लावू नये तेच घाला म्हणून सांगितलं होतं, आणि तेही तिच्याच पानावर, तिच्याच नावाने. तिने अविनाशला हाक मारली. तो कामावर परत गेला नव्हता, उकाड्याने आंघोळीला शिरला होता. तेवढ्यात निरोप आला, इथल्याच, चिखली रोडच्या अपेक्षाचा.

"ताई, लाडू फेकले. तुमचे कपडे घातले बाळाला. पाहा किती गोड दिसून राह्यलं!"

फोटोत इवलंसं तोंड होतं, आणि कपाळापर्यंत ओढलेलं पांढरं टोपडं.

डिंपलने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. परत तेच. तिसऱ्यांदा लावताना ती मोठ्याने "उचल बाई, उचल" म्हणत खोलीत येरझारा घालत होती. सासूबाई उंबरठ्यात येऊन उभ्या राहिल्या. अविनाश ओल्या केसांनी बाहेर आला, त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला कळून चुकलं.

"डिंपल, थांब जरा. डोकं ठिकाणावर ठेव."

"तुमी सरका." एवढंच बोलून तिने पानावर लाइव्ह सुरू केलं. पदरही सावरला नाही.

"मी डिंपल. लाडू चांगले हायेत. सुवर्णाताईची काई चूक नाई. टोपड्यात बिबा हाय, आमच्याच घरून गेला तो. ज्यायनं लेकराले घातलं त्यायनं आत्ताच्या आत्ता काढा. हात लावू नका त्याले. दवाखान्यात न्या. अपेक्षाताई, कोणी वळखत असन तं तिले सांगा वं, पाया पडतो मी!"

मागून सासूबाई काठी टेकत आल्या आणि स्वतःच मोबाइलसमोर उभ्या राहिल्या. "म्या टाकला तो. इले काई माईत नव्हतं." अविनाश भिंतीला टेकून खाली बसला.

बंद करते न करते तोच सुवर्णाचा फोन. डिंपलला तो उचलायची छाती होईना, पण उचलला.

"डिंपल, तुले कवा समजलं?"

'आत्ताच' म्हणणं किती सोपं होतं! शब्द ओठापर्यंत आलेला.

"जेवणाच्या टायमाले."

"म्हंजे माह्या व्हिडिओच्या आंधी."

"हाव ताई."

शिवी आली असती तरी बरं वाटलं असतं.

"अर्धे नंबर मले धाड," सुवर्णा म्हणाली. "लेकरं आंधी पाहू." आणि फोन ठेवला.

डिंपलने नंबर धाडले आणि उरलेले एकेक करून लावत सुटली. कोणी रडलं, कोणी शिव्या दिल्या, दोघींनी डबा अजून उघडलाच नव्हता. पुढचा नंबर लावणार तोच अपेक्षाचा फोन आला. मागे बाळ किंचाळत होतं.

"ताई, शेजारणीनं सांगतलं आत्ता. काढलं मी टोपडं. कपाळ लाल होऊन राह्यलं हो त्याचं... तुमच्याच पानावर होतं ना ताई, बिनघोर घाला म्हणून? तुमीच सांगतलं होतं ना?"

ते वाक्य सुवर्णाचं होतं. तिच्या तोंडून निघालं होतं, अख्ख्या जिल्ह्याने ऐकलं होतं.

"हाव," डिंपल म्हणाली. "म्याच सांगतलं. तुमी दवाखान्यात निघा, मी येऊन राह्यली."