उतरलेली इंजिनं

१९८९ साली धुळ्यात, आग्रा रोडवर, भाईदासभाऊंच्या केळीच्या ट्रकांचं वर्कशॉप होतं. एकेचाळीस ट्रक, आणि बदलीला सहा जादा इंजिनं. सहा खरंच लागतात का, हे काढायला भाऊंनी नाशिकच्या विक्रेत्याकडून महिनाभरासाठी कॉम्प्युटर आणला आणि जळगावजवळच्या पिंप्राळ्याची रत्नप्रभा नेमली.

एम.एस्सी.ला तिने स्विच उघडताना पडणाऱ्या आर्कचं, म्हणजे विजेच्या ठिणगीचं, मॉडेल केलं होतं. एक आर्क किती टिकेल ते सांगता येत नाही. कॉम्प्युटरवर दहा हजार पाडल्या की नियम दिसू लागतो. इंजिनांचंही तसंच. पडद्यावर तिचे ट्रक दोन मिनिटांत दहा वर्षं धावून येत, आणि तिला दर वेळी नवल वाटे.

पण उत्तर आलं चौदा.

"चौदा? मग मला इंजिनांसाठी गोठा बांधावा लागेल," भाईदासभाऊ म्हणाले. "शनिवारी ही पेटी परत जाईल, ताई. सोबत तुम्हीही."

तिने प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. चूक सापडेना. मग वर्कशॉपची वही घेऊन ती हेडमिस्त्री हिलालनानांकडे गेली. नाना वेल्डिंग करत होते. आर्कचा आवाज जरा बदलला की त्यांचा हात आपसूक मागेपुढे होई.

"नाना, मार्चात नऊ इंजिनं उतरली?"

"हां, उतरनात."

"एवढी काढून ठेवली कुठे?"

नानांनी डोळ्यांवरची काच वर केली. "काढी कोन? उतरनं म्हंजे दम कमी व्हई गया. घाट चढत नही. इंजिन गाडीमझारच शे. बाहेर काढं का मी 'काढं' लिखस. तुमना जळगावमा काय, नुसता जिनाच उतरतस का?"

ती हसली. तिने दोन्ही नोंदी एकच धरल्या होत्या; बरीच इंजिनं दोनदा मोजली गेली होती. 'उतरनं'च्या नोंदी खोडायला तिने पेन उचललं आणि थांबली. जवळजवळ प्रत्येक 'उतरनं'नंतर पाच-सात आठवड्यांनी 'काढं' होतं.

"हे आधी कसं कळतं, नाना?"

"आवाज बदलस," नाना म्हणाले आणि पुन्हा काच खाली घेतली.

तिने दोन्ही नोंदी वेगवेगळ्या भरल्या. शुक्रवारी उत्तर आलं.

"चार," तिने भाऊंना सांगितलं.

"आणि 'उतरनं' लिहिलंच नसतं तर?"

"सात. आधी कळलं की बदलीचं इंजिन वेळेवर मागवता येतं, साठवून ठेवावं लागत नाही. तीन इंजिनं नानांच्या कानामुळे वाचतात. मी फक्त ते मोजलं."

भाऊंनी वही बराच वेळ चाळली. शनिवारी विक्रेत्याचा माणूस टेम्पो घेऊन आला, चहा पिऊन रिकाम्या टेम्पोनेच नाशिकला गेला.