जास्तीचा उजेड

"काका, तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की दिवा ठीक होता," मुलगी म्हणाली. "सोमवारी तारीख आहे. वकील म्हणतात, गाडी ज्यांच्या हातची, त्यांच्याच कागदाला वजन."

मास्तर हेडलाइटची रिंग सैल करत होते. जुन्या मोटारसायकलींच्या वायरिंगमध्ये त्यांची अडतीस वर्षं गेली होती. शाळेत शिकवायला ते कधी गेले नाहीत. पण गिऱ्हाइकाला उभं करून तासभर वीज समजावल्याशिवाय गाडी सोडायची नाही, या खोडीपायी लोकांनीच त्यांना मास्तर करून टाकलं होतं.

गाडी मुलीच्या वडिलांची. आठ महिन्यांपूर्वी तिन्हीसांजेला वळणावर एक टेम्पो बाजूनं येऊन मागच्या चाकावर आदळला आणि वडील जागच्या जागी गेले. टेम्पोवाला पहिल्या दिवसापासून एकच पालुपद लावून बसला होता, की मोटारसायकलला दिवाच नव्हता. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. जिवावर बेतलं की माणूस काहीही बोलतो, असं सगळे म्हणाले. मास्तरही म्हणाले होते. गाडी कालच पोलिसांकडून सुटून आली. मागचं चाक चेपलेलं, पुढचं सगळं शाबूत.

"बाबा दिवा न लावता फाटकाबाहेर पडायचे नाहीत," मुलगी सांगत होती. "आणि दिवा बिघडलेला कसा असेल? शेवटचा आठवडाभर तर रोज कौतुक चाललं होतं. म्हणायचे, मास्तरांनी काय जादू केलीय बघ, गाडी पळवली की दिवसासारखा उजेड पडतो."

मास्तरांचा हात थांबला.

"पळवली की?"

"हो. जेवढी जोरात, तेवढा लख्ख."

ती हे हसून सांगत होती. सहा व्होल्टच्या जुन्या गाडीचा दिवा पिवळा असतो, मिणमिणता असतो, आणि तसाच तो राहायला हवा. त्यानं लख्ख होणं म्हणजे तापानं फणफणलेल्या पोराच्या गालावरची लाली. बघणाऱ्याला वाटतं, पोर आज काय छान दिसतंय.

त्यांनी बल्ब काढला. काच फुटली नव्हती, पण आतून काळी पडली होती. मागचा बल्ब काढला, तोही तसाच. धक्क्यानं गेलेला बल्ब असा दिसत नाही. त्याची तार तुटते आणि काच स्वच्छ राहते. हे दोन्ही जळून गेले होते. मग त्यांनी बॅटरीचं झाकण उघडलं. आत पाण्याचा टिपूस नव्हता. सगळं उकळून उडून गेलं होतं.

"काय दिसतंय?" तिनं विचारलं.

"बघतोय."

"जे दिसेल ते लिहा, काका. आम्ही लॅबमध्ये तेच करतो. रक्त कोणाचं आहे ते बघायचं नसतं."

ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती. तिचा फोन वाजला तशी ती बोलत बोलत बाहेर फुटपाथवर गेली. मास्तरांनी सीटचे नट सोडले. सीट उचलायच्या आधीच खाली काय असणार ते त्यांना कळलं होतं, तरी देवाची करुणा भाकतच त्यांनी ती उचलली.

खाली रेग्युलेटरची डबी होती. गाडी पळाली की डायनामोची वीज उधळते, तिला आवरायचं काम या डबीचं, आणि डबीपासून गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चेसीला, वायर जोडलेली असेल तरच ते जमतं. अपघाताआधी चार-पाच महिने मुलीचे वडील तक्रार घेऊन आले होते, की डबी फार खडखडते. दुसरा कोणी असता तर बोल्ट आवळून मोकळा झाला असता. मास्तरांनी जुनी ट्यूब कापून डबीखाली रबराची दुहेरी गादी घातली होती, कोपरेसुद्धा कात्रीनं गोल केले होते. रबरातून वीज जात नाही हे त्यांना का कळत नव्हतं? पण बोल्ट आरपार जातोच आहे, तो चेसीला टेकतोच आहे, मग वेगळ्या वायरचं लोंबतं शेपूट कशाला, असं त्यांना वाटलं होतं. काही महिने बोल्टनं काम केलं. आता त्याच्यावर गंजाचा जाड थर होता, त्यातून वीज जाणं बंद. अति तिथे माती म्हणतात, ती अशी.

बाहेर मुलगी अजून बोलत होती. वीतभर वायर, दोन टोकं, दोन मिनिटं. गादी भंगाराच्या डब्यात टाकली की संपलं. मग कोणीही येऊन तपासावं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मास्तरांनी वायर कापलीसुद्धा. ती हातात धरून ते तसेच उभे राहिले. त्यांना त्या टेम्पोवाल्याचा चेहरा आठवेना. त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता.

मुलगी आत आली तेव्हा त्यांनी नवा बल्ब बसवला होता.

"इकडे ये. मी सांगेन तसा ॲक्सिलरेटर पीळ."

किक मारली. इंजिन खोकलं आणि लागलं. दिवा पिवळा पेटला आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचं कडं पडलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघा, म्हटलं नव्हतं?"

"पीळ अजून."

कडं पांढरं झालं. भिंतीवरचा खिळान् खिळा दिसायला लागला. "बाबा म्हणायचे तसंच," ती म्हणाली, आणि तेवढ्यात दिवा निळसर चमकून विझला. इंजिन मात्र चालूच होतं, जसंच्या तसं. तिनं हात काढून घेतला.

मास्तरांनी मघाची वायर डबीपासून चेसीला जोडली, दुसरा बल्ब घातला, आणि स्वतः ॲक्सिलरेटर पिळत राहिले. या वेळी दिवा पिवळा राहिला. इंजिन किंचाळलं तरी पिवळाच राहिला. मग त्यांनी गाडी बंद केली.

"एवढीशी वायर?" तिनं विचारलं.

"एवढीशीच."

"ती काढली कोणी?"

"काढली नाही. मी घातलीच नव्हती."

ती बाकावर बसली. मास्तरांनी तिच्यासमोरच लिहायला घेतलं. दिवा बंद पडलेला होता, टेम्पोवाला खरं बोलतो आहे, दोष माझ्या कामाचा. तिनं वाचलं, आणि लॅबमध्ये वाचत असेल तसं पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं.

"तो सुटेल," ती म्हणाली.

"सुटू दे."

"आणि तुम्ही?"

"सोमवारी येतो. मग नेतील तिकडे."

तिनं कागद पर्समध्ये ठेवला. रागावली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं. "आईला मी सांगणार नाही," ती म्हणाली. "मला जमायचं नाही. तुम्ही चला."

दोघं चालत निघाले. ती पुढे, मास्तर दोन पावलं मागे.

दार आईनंच उघडलं. मास्तरांना बघून तिचा चेहरा उजळला.

"या, मास्तर. लिहून दिलंत ना? सकाळपासून जीव टांगणीला लागला होता. बाहेर का उभे? बसा इथे, ह्यांच्या खुर्चीत. तुमच्याशिवाय कोणाला गाडीला हात लावू द्यायचे नाहीत."

"बसत नाही, वहिनी."

"बसा हो. पाणी आणते."

मास्तर उभेच राहिले. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, आणि त्यांनी तो तिच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला.

"वहिनी," ते म्हणाले, "आधी तुम्ही बसा."