छापलेलं आणि वाचलेलं

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी ठवणी आहे. पोथी वाचताना ती टेकवायला जी लाकडी घडी लागते ना, तीच मी. उघडली की फुलीसारखी उभी राहते, मिटली की नुसती फळी. घाटंजीच्या सुताराने मला एकाच फळीतून कोरून काढलं. अंगाला खिळा म्हणून लागलेला नाही. याचा मला थोडा तोरा आहे, तेवढा चालवून घ्या.

माझी उमेदीची वर्षं देवाधर्मात गेली. घाटंजीजवळच्या एका खेड्यात, पुंडलिकरावांच्या घरी, दर श्रावणात माझ्यावर पोथी लागे. त्यांच्या म्हाताऱ्या आईला सगळे आत्याबाई म्हणत. ती समोर बसून ऐकायची आणि तिचे नियम कडक होते. एकदा लावलेली पोथी अर्ध्यात सोडायची नाही, पान गाळायचं नाही आणि वाचायची ती मोठ्याने.

१९५६ साली या घरात विमलताई सून होऊन आल्या. सातवी पास. त्यांच्या पेटीत लुगड्यांच्या घडीत एक यादी होती. शाळेतल्या बाईंनी निरोप देताना लिहून दिलेली, 'जन्मात एकदा तरी वाचाव्यात अशा थोर कादंबऱ्या'. काही बंगालीतून आलेल्या, काही रशियातून, काही आपल्याकडच्या. विमलताईंनी तो कागद खळीने माझ्या पोटाला चिकटवला. पुंडलिकराव कापसाची गाडी घेऊन यवतमाळला जात, येताना तिथल्या वाचनालयातून पुस्तक आणत.

"वाच ना," आत्याबाई म्हणाली. "पण ठवणीवर वाचशील त पोथीवानी वाच. आमालेबी आयकू दे."

झालं. माझ्यावर कादंबऱ्या आल्या. खरं सांगते, मला राग आला होता. कुठे देवादिकांच्या कथा आणि कुठे या लोकांच्या घरच्या भानगडी! पण लाकडाला विचारतं कोण?

दिवा लागला की वाचन सुरू. एका कादंबरीचा नायक खिडकीशी बसून पानंच्या पानं विचार करत होता. आत्याबाईने शेवटी विचारलं, "याले वावर नाही काय?" विमलताई हसल्या. त्यांची स्वतःची मतं मात्र पुस्तक मिटल्यावर बाहेर यायची. "आत्याबाई, या मोठ्या पुस्तकाईत लोक जेवतात लय, पण रांधते कोण थे काही दिसत नाही." आणि एकदा जरा कडवटपणे, "नायकाले शहाणपण यायचं असलं का एखादी गरीब पोरगी मरते. दरवेळी." पुस्तक संपलं की त्या मला उलटं करून यादीतल्या नावापुढे काजळाचा ठिपका लावत.

पुंडलिकरावांच्या शेतात कापूस वेचायला जवळच्या तांड्यावरून मानीबाई येई. घरी जाताना ती ओसरीवर टेकायची. आधी पाणी पिण्यापुरती, मग रोज. तिला अक्षर येत नव्हतं. ठवणीवर आहे म्हणजे पोथीच, असं ती धरून चालली होती आणि हात जोडून ऐकायची.

दुसऱ्या वर्षी ऐन वेचणीत एक जाड कादंबरी लागली. नदीकाठची गरीब पोरगी, सासरी नांदणारी, पहिलटकरीण. मानीबाई पुढे सरकून बसू लागली. तिची लेक जमनी पुसदकडच्या तांड्यात सासरी होती, तिचेही दिवस भरत आले होते. अंगावर सूज होती, म्हणून गाडीत घालून माहेरी आणता येत नव्हतं.

"बाई," मानीबाई विमलताईंना म्हणाली, "या पोरीचं नीट झालं का माह्या जमनीचंबी नीट होईल. म्या मनात तसं धरलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी विमलताईंनी एकट्याने पुढची पानं चाळली. पोरगी बाळंतपणात जाते. पुस्तक त्यांनी उघडंच टाकलं. मग चुलीपाशी जाऊन म्हणाल्या, "आत्याबाई, आज म्या नाही वाचत."

"काहून? लावलेली पोथी सोडत नाहीत. थे मानी वाट पाहून राह्यली."

मित्रांनो, पान माझ्या अंगावर असतं आणि आवाज वरून येतो. त्यामुळे काय छापलंय आणि काय वाचलं जातंय, हे दोन्ही मला कळतं. त्या संध्याकाळी पानावर होतं, 'पहाटे तिचा श्वास थांबला.' विमलताईंचं बोट त्याच ओळीवर होतं. तोंडाने त्या म्हणाल्या, "पहाटे ती उठून बसली आणि तिने पाणी मागितलं."

मानीबाईने दोन्ही हात कपाळाला लावले.

पुढे अजून बरंच पुस्तक उरलं होतं. छापून मेलेल्या पोरीला तेवढी पानं नांदवायची म्हणजे खायचं काम नाही. विमलताईंनी ते केलं. नवरा पानावर चितेशी उभा होता, तेव्हा त्यांच्या तोंडी पोरगी भाकरी थापत होती. सगळ्या यादीत रांधणारी बाई ती एकच.

आठवड्याने निरोप आला. जमनी गेली. तिची तान्ही मुलगी वाचली.

मानीबाई यायची थांबली. विमलताईंनी मला मिटून भिंतीला लावलं. अन्न गोड लागेना, तेव्हा त्यांनी आत्याबाईला सगळं सांगून टाकलं. "म्या तिले खोटी आशा लावली." आत्याबाईने ताट वाढून पुढे सरकवलं. मग म्हणाली, "पुस्तकवाल्यानं पोरगी मारली, तू नाही मारली. जेव आता."

मग एके दिवशी मानीबाई आली. कडेवर नात, लाली. विमलताईंना मान वर करवेना.

"थे पान काढा, बाई," मानीबाई म्हणाली. "पोरगी पाणी मागते थे."

विमलताईंनी मला उघडलं आणि वाचलं. ते पुस्तक मग परत गेलंच नाही. पुंडलिकरावांनी वाचनालयाला दुसरी प्रत विकत घेऊन दिली. दरवर्षी कापूस फुटला की मानीबाई लालीला घेऊन यायची आणि ते पान ऐकून जायची. बाकीच्या नावांपुढे एकेक ठिपका पडत गेला. त्या एका नावापुढे नाही. विमलताई म्हणत, जे छापलं ते वाचलंच नाही, मग ठिपका कसा लावू?

लाली शाळेत जाऊ लागली. तिसरीत होती तेव्हा मानीबाई म्हणाली, "आज माही लाली वाचल."

विमलताईंचा हात पुस्तक मिटायला पुढे आला, पण लाली बसलीसुद्धा होती. अक्षराखाली बोट सरकवत ती शाळेतल्यासारखं हेल काढून वाचू लागली. त्या ओळीवर बोट थांबलं. बोटाचा भार मला कळत होता. पुढची अक्षरं तिने मनात लावून पाहिली असावीत, कारण तिने मान वर करून विमलताईंकडे बघितलं. मग आजीकडे. आजीने हात जोडलेले होते.

"पहाटे ती उठून बसली," लालीने मोठ्याने वाचलं, "आणि तिने पाणी मागितलं."

मित्रांनो, हल्ली मी कणगीमागे पडून असते आणि माझ्यावर लोणच्याची बरणी ठेवतात. त्या नावापुढची जागा अजून कोरीच आहे. तुमच्या घरी अशी एखादी ठवणी असली तर तिला कोरड्या फडक्याने पुसत जा, ओल्याने लाकूड फुगतं. पुस्तकाचा मान ठेवा, पान गाळू नका. पण कोणासाठी मोठ्याने वाचत असाल, तर पुढची ओळ उच्चारण्याआधी एकदा ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत जा.