पेटीच्या बुडाची दोन भोकं

"वय झालंय हो त्यांचं," मॅनेजर म्हणाला आणि सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वय झालंय म्हणे! तिचे सासरे तीस वर्षं ती फेरीबोट चालवत होते. काल बोट भर पाण्यात बंद पडली. इंजिन पुन्हा सुरू होईना, वायरलेसही मुका. आत चाळीस माणसं आणि बोट वाहत निघाली खडकांकडे. दुसऱ्या बोटीने दोर टाकून ओढली म्हणून निभावलं. आणि कारण काय, तर सुकाणूवरच्या माणसाचं वय! उद्यापासून घरी बसा, असं मॅनेजरने तोंड वर करून सांगून टाकलं. घरी बसून सासऱ्यांचं काय होईल हे तिला पक्कं ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा हा माणूस दहादा खिडकीशी जाऊन वारा बघायचा.

"बोट बंद पडली ती बॅटरी गेली म्हणून. बॅटरीला विचारलंत का वय?" ती कडाडली. त्याच धक्क्यावर ती बोटींचं वायरिंग करायची, त्यामुळे तिला गप्प बसवणं सोपं नव्हतं. "चला, सगळ्यांसमोर पेटी उघडते. तुमच्या दुरुस्तीवाल्यांनी काय दिवे लावलेत ते कळू दे एकदा."

मॅनेजर आला, तिकीटवाली आली, दोन खलाशी आले. सासरे सगळ्यांच्या मागे, मान खाली घालून.

तिने बॅटरीच्या पेटीचं झाकण काढलं. आत पाणीच पाणी! बॅटरी गळ्यापर्यंत बुडालेली, तारांच्या टोकांवर हिरवा थर. लाटेचं थोडं पाणी झाकणातून आत येणारच, म्हणून तर तिने स्वतः पेटीच्या बुडाला दोन भोकं पाडली होती, आलेलं पाणी निघून जायला. मग हे साचलं कसं? कुठल्या दीडशहाण्याने काय करून ठेवलंय? तिने बाही वर केली आणि हात घातला. दोन्ही भोकं बुजवलेली. नखाने टोकरलं तर पांढरी पुट्टी निघाली. न्हाणीघराची गळती थांबवायला घरी आणलेली, तीच.

तिने वळून सासऱ्यांकडे पाहिलं. ते पाण्याकडे बघत होते.

दोन महिन्यांपूर्वीच ते म्हणाले होते, "खालून पाणी शिरेल की गं." तिने सांगितलं होतं, "पेटी उंचावर आहे, बाबा. त्या भोकांतून पाणी येत नाही, जातं." एकदा नाही, दोनदा सांगितलं होतं. त्यावर ते नुसतं "हं" म्हणाले होते. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

सासरे पुढे आले. "साहेब म्हणतात ते खरंय. वय झालं माझं. विसरायला होतं."

विसरायला होतं? तिचं डोकंच फिरलं. सुनेचं ऐकलं नाही एवढं कबूल करण्यापेक्षा या माणसाला सुकाणू सोडणं परवडत होतं!

"काही वयबिय झालेलं नाही!" ती मॅनेजरवर ओरडली, पण बघत होती सासऱ्यांकडे. "यांना सगळं आठवतं. माझ्या लग्नात कोण उशिरा आलं तेसुद्धा आठवतं. भोकं बुजवू नका म्हणून मी सांगितलं होतं, यांनी ऐकलं नाही. सुनेचं ऐकत नाही म्हणून घरी बसवायचं ठरवलंत, तर सगळ्या बोटी धक्क्याला बांधून ठेवाव्या लागतील."

तिकीटवाली फिस्सकन हसली. मॅनेजर मात्र हसला नाही. "यापुढे ऐकणार असतील तर सुकाणू त्यांचंच. ऐकतील का पण?"

"ऐकीन, साहेब," सासरे पुटपुटले.

"साहेबांना काय सांगता? चाळीस माणसं होती बोटीत, बाबा. माझ्याकडे बघून सांगा."

सासऱ्यांनी मान वर केली. तिच्याकडे पाहिलं.

"चुकलं माझं, पोरी."

तिचा राग काही गेला नव्हता. तिने खिशातला पेचकस काढून त्यांच्या हातात दिला.

"खरवडा ती पुट्टी."